गच्चीवरच्या टाकीला पातळीमापक बसवण्याआधी

आमच्या माहीमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं आणि वॉचमनकाका पंप सोडून ते गच्चीवर चढवतात. पंप बंद करायला थोडा उशीर झाला, की वरची टाकी भरून वाहते आणि चांगलं पाणी गच्चीवरून खाली जातं. ते बघवत नाही. टाकी किती भरली हे खाली फोनवर दाखवणारं यंत्र स्वतः करावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही तयारी. यातलं कोडिंग एका रविवारी होतं. गाडी अडते ती मोजमाप न घेता बाजारात गेल्यामुळे.

म्हणून आधी मेझरिंग टेप घेऊन गच्चीवर जा. एकटे जाऊ नका आणि सेक्रेटरींना आधी सांगा, कारण ही सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. टाकीची लांबी, रुंदी, झाकणापासून तळापर्यंतची खोली आणि झाकणापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतचं अंतर लिहून घ्या. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. पाण्यापासून सुरक्षित असलेला जेएसएन-एसआर०४टी हा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा) साधारण २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं अंतर धड मोजू शकत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप झाकणाखाली १० सेंटिमीटरवर असेल, तर टाकी भरत आली की नेमके तेव्हाच आकडे भरकटतील. अशा ठिकाणी झाकणावर पीव्हीसी पाइपाचा रुंद तुकडा उभा करून सेन्सर त्याच्या वरच्या टोकाला बसवावा लागतो, आणि तो तुकडा यादीत आधीच हवा. सेन्सरच्या खाली भिंत, आतली शिडी किंवा पाणी पडण्याची धार येणार नाही अशी जागा खडूने खूण करून ठेवा. ध्वनी पसरत जातो आणि वाटेतल्या कशावरूनही परततो.

स्वस्तातला, दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४ टाकीत लावू नका. मी लावला होता. आतल्या वाफेने तो महिनाभरही टिकला नाही.

तापमानाची काळजी मात्र करू नका. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, ३५ अंशांना सुमारे ३५२. एका मीटरमागे अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि पंप बंद करायचा की नाही हे ठरवायला तेवढं चालतं. तुमची टाकी ३ मीटर बाय २ मीटर असेल तर पातळीचा एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर, हा हिशेब वहीत लिहून ठेवा.

गच्चीवर असतानाच वायफायही तपासा. सेन्सरचा आकडा वाचून वायफायवरून पाठवणाऱ्या छोट्या ईएसपी३२ बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय कळतो, म्हणून फोन त्याच बँडवर जोडून टाकीशेजारी उभे राहा. मधे दोन स्लॅब असले तर सिग्नल बहुधा मरतो. तसं असेल तर एक बोर्ड वर, एक वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरात आणि मधे ईएसपी-नाऊ, म्हणजे दोन बोर्डांनी एकमेकांशी थेट बोलायची बिनतारी पद्धत, असा बेत करा. याला राउटर लागत नाही, पण बोर्ड दोन लागतात. विजेसाठी लिफ्टच्या मशीनरूममधल्या वायरिंगला हात लावायचा नाही. घरातल्या अडॅप्टरवरून १२ व्होल्ट वर न्या आणि बोर्डाजवळ व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम२५९६ मॉड्यूलने ५ व्होल्ट करा. मॉड्यूलवरचा छोटा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर ५ दिसल्यावरच बोर्ड जोडा.

आता सुट्या भागांसाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा शनिवारी सकाळी जा. बोर्ड एक जास्तीचा घ्या, सेन्सरही. १ किलोओहमचे दहा रेझिस्टर घ्या, कारण सेन्सरचा एको (उत्तर देणारी पिन) ५ व्होल्टचा आणि ईएसपी३२ची पिन ३.३ची. एको आणि बोर्डाची पिन यांच्यामधे एक, आणि ती पिन व ग्राउंड यांच्यामधे दोन सलग जोडले की ५चे ३.३ होतात. एको ३४ नंबरच्या पिनवर चालेल, ट्रिगर (सेन्सरला मोजायला सांगणारी तार) नाही; ३४ ते ३९ या पिना फक्त ऐकतात. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डाच्या ५ व्होल्टपाशी हवाच. वायफाय चालू होताना करंट एकदम वाढतो आणि बोर्ड ब्राउनआउट (व्होल्टेज अपुरं) म्हणत पुन्हा पुन्हा सुरू होतो. यूएसबी केबल डेटाची आहे ना, हे दुकानातच विचारा. फक्त चार्जिंगच्या केबलने माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायचा पट्टा, टेबलापुरता. समुद्राच्या खाऱ्या हवेत जंपर वायरची टोकं हिरवी पडतात, म्हणून गच्चीवर जाणारी जोडणी झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या पट्टीवर) सोल्डर करा. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि ६३/३७ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर तार पुरते. ही तार १८३ अंशांना वितळते. तिच्यात शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि बोर्ड टाकीच्या आत कधीच ठेवू नका. आत फक्त सेन्सरचं तोंड. बोर्डाचा डबा ग्लँडवाला (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाचा), वायर खालच्या बाजूने आत जाणारी, सिलिका जेलची पुडी आत.

पंप आपोआप चालूबंद करायचा मोह होईलच. या वर्षी नको. बोर्डाने चालणाऱ्या छोट्या निळ्या स्विचवर, म्हणजे रिलेवर, १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटर सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढते. ते काम काँटॅक्टरचं (मोटरसाठीच्या मोठ्या स्विचचं) आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो, म्हणजे मे उजाडेपर्यंत यंत्र घरात चालायला हवं. आठवडाभर न्हाणीघरातल्या पिंपावर टांगून ठेवा आणि दिवसातून दोनदा पट्टीने मोजून पडताळा. मग गच्चीवर चढवा. त्या दिवशी वॉचमनकाकांना बरोबर घ्या, फोनवरचा आकडा त्यांना दाखवा आणि पाण्याची पातळी त्यांनाच टेपने मोजायला सांगा. दोन्ही आकडे जुळेपर्यंत डब्याचे स्क्रू घट्ट करू नका.