सिम्युलेशनआधी सिस्टीमचा प्रकार कसा ओळखायचा? जायकवाडीचं उदाहरण

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या गोष्टीची नक्कल मॉडेलमध्ये चालवून बघणं. ते करताना बरेच जण आधी सॉफ्टवेअर उघडतात आणि सिस्टीमचा प्रकार नंतर शोधतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सगळ्यात आधी प्रश्न कागदावर लिहा. प्रकार धरणाला किंवा बाजाराला चिकटलेला नसतो, तो तुमच्या प्रश्नावर ठरतो.

पैठणचं जायकवाडी धरण घेऊ. प्रश्न असा: या वर्षी रब्बीची आवर्तनं (कालव्यातून ठरावीक पाळीने सोडलं जाणारं पाणी) पूर्ण होतील का?

आता हद्द आखा. साठा, कालवे, बाष्पीभवन हे आत. नाशिक-नगरकडच्या धरणांतून येणारं पाणी आपल्या हातात नाही, म्हणून ते बाहेरचं इनपुट.

मग काळ बघा. आजच्या पातळीला किती पाणी आहे, एवढंच हवं असेल तर पातळी-साठ्याचा तक्ता पुरतो. हे स्थिर मॉडेल. आवर्तनांना ते पुरत नाही. आजच्या साठ्यात आवक मिळवायची, कालवे, पाणीपुरवठा आणि बाष्पीभवन वजा करायचं, की उद्याचा साठा येतो. हे गतिमान.

पुढची पायरी जरा सावकाश घ्या: बदल सलग होतो की टप्प्याटप्प्याने? दहा हजार क्युसेकने (सेकंदाला दहा हजार घनफूट) दिवसभर आवक झाली तर सुमारे साडेचोवीस दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी वाढतं, म्हणजे २१७१ दलघमी उपयुक्त साठ्याच्या एक टक्क्याहून थोडं जास्त. ही वाढ क्षणाक्षणाला होते, म्हणून सिस्टीम सलग. हिशोब रोजचा मांडला म्हणून ती खंडित होत नाही; दिवस ही आपल्या गणिताची सोय आहे. इथे हमखास गल्लत होते.

खंडित सिस्टीम बघायची तर सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मार्केट यार्डात जा. वजनकाट्यापुढे चार गाड्या असतात, मग पाच होतात. साडेचार कधीच नसतात. गाडी आली किंवा वजन झालं, तेव्हाच रांग बदलते. त्यामुळे सिम्युलेशनचं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर नेता येतं. जायकवाडीचे दरवाजे कधी उघडायचे हा निर्णयही मॉडेलमध्ये घेतला, तर ती मिश्र सिस्टीम होते: पाणी सलग, दरवाजे खंडित.

यानंतर अनिश्चितता. मागच्या एखाद्या वर्षाची नोंदलेली आवक घातली तर उत्तर दरवेळी तेच येणार. मॉडेल निश्चित, एकदा चालवलं की झालं. येणारा पावसाळा मात्र कुणालाच ठाऊक नसतो. तिथे आवक यादृच्छिक, म्हणजे दरवेळी नशिबाने वेगळी येणारी, धरून मॉडेल शेकडो वेळा चालवा आणि किती वेळा आवर्तनं पूर्ण झाली ते मोजा. मराठवाड्यातल्या पाण्याचं नियोजन एका सरासरी आकड्यावर करू नये, असं मला ठामपणे वाटतं; टंचाईची वर्षं त्या सरासरीत बुडून जातात.

शेवटी रेषीय की अरेषीय, म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या सरळ प्रमाणात बदलते की नाही, ते तपासा. धरण वर पसरत जातं, म्हणून तळाजवळच्या एका मीटरपेक्षा वरच्या एका मीटरमध्ये कितीतरी जास्त पाणी मावतं, आणि उघडा पृष्ठभाग वाढल्याने बाष्पीभवनही वाढतं. तेव्हा पातळी आणि साठा यांच्यात सरळ त्रैराशिक मांडू नका, धरणाचा पातळी-साठ्याचा तक्ताच वापरा.