वयात येणाऱ्या मुलांचे वाढते वजन : पालकांनी या चुका टाळाव्यात

पहिली चूक वजनकाट्यापाशीच होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची उंची, हाडे आणि स्नायू झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे काटा किती किलो दाखवतो एवढ्यावरून तो लठ्ठ आहे की नाही हे ठरवता येत नाही. मोठ्या माणसांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याचे) निकषही त्याला जसेच्या तसे लावू नयेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले असून, बहुतेक बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. दर सहा महिन्यांनी उंची व वजन मोजून त्यावर नोंद करून घ्यावी. एका नोंदीपेक्षा रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.

याउलट, ‘अंगात भरला आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल’ असे म्हणून वर्षानुवर्षे थांबणे हीही चूकच आहे. काही मुलांचे तसे होते, परंतु किशोरवयात लठ्ठ असलेल्या बहुतेकांचा लठ्ठपणा मोठेपणीही टिकतो. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसू लागली, तर तो मळ समजून घासत बसू नये. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला (हार्मोनला), नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते.

सर्वांत घातक चूक मात्र मुलाला एकट्याला पथ्यावर बसवण्याची आहे. घरातील सर्वांच्या ताटात बटाटेवडे आणि त्याच्या ताटात काकडी, शिवाय पाहुण्यांसमोर ‘आता पुरे, जाड्या’ असा टोमणा, अशा वागणुकीने वजन उतरत नाही. मूल चोरून खाऊ लागते आणि मैदानावर जायला लाजते. वाढीच्या वयात उपासमार करणे तर धोक्याचेच आहे. बऱ्याच मुलांच्या बाबतीत वजन आहे तेथे रोखून उंची वाढू देणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे असते. लठ्ठपणा तीव्र असल्यास वजन उतरवावे लागते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यामुळे बदल करायचा तो सगळ्या घराच्या स्वयंपाकात आणि दिनक्रमात.

तो दिनक्रम एकदा नीट पाहावा. सकाळी सातच्या शाळेसाठी मूल न्याहारी न करता, साखर आणि चॉकलेटची पावडर घातलेले दूध पिऊन निघते; डबा अर्धा परत येतो, कारण मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट संपलेले असते; दुपारी भूक अनावर झाल्याने जेवण भरपेट होते, संध्याकाळ क्लासमध्ये जाते आणि रात्री साडेनऊच्या जेवणानंतर मोबाइल सुरू होतो. यात दोष मुलाच्या खादाडपणाचा किती आणि आपण आखून दिलेल्या वेळापत्रकाचा किती, हे पालकांनी प्रामाणिकपणे ठरवावे. सकाळी पोहे, थालीपीठ किंवा अंडे खाऊन निघालेल्या मुलाला मधल्या सुट्टीत एवढी भूक लागत नाही.

पेयांकडे सर्रास दुर्लक्ष होते. २५० मिलिलीटर कोलामध्ये साधारण पाच चमचे साखर असते. खोक्यातील फळांचा रसही ‘पौष्टिक’ म्हणून रोज देऊ नये; त्याऐवजी फळ चावून खाऊ द्यावे.

आठवड्यातून दोन दिवसांचा क्रिकेटचा क्लास म्हणजे पुरेसा व्यायाम, हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटाला दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. झोपेचेही तसेच आहे. तेरा वर्षांपुढील मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि ती अपुरी पडली की भूक व गोडाची ओढ वाढते.

शेवटी, ‘थायरॉईड असेल’ म्हणून स्वतःहून तपासण्या करत सुटू नये. थायरॉईड किंवा अन्य संप्रेरकांचा दोष असलेल्या मुलांची उंचीची वाढ सहसा खुंटते, तर अतिखाणे व कमी हालचाल यांमुळे जाड झालेली मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. उंची खुंटलेली असेल, मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, सतत डोके दुखत असेल किंवा मुलीची पाळी फार अनियमित असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.