उन्हाळी प्रशिक्षणात नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करताना या चुका टाळा

माझी एक जुनी निरीक्षण वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात एका नव्या शिक्षिकेच्या २० मिनिटांच्या पाठाची नोंद आहे. विषय होता अपूर्णांकांची तुलना. पाठाखाली माझ्या हातच्या १४ सूचना आहेत: फळ्यावरचं अक्षर लहान, मागच्या बाकांकडे लक्ष नाही, उत्तरं ठरावीक तीनच मुलं देतात, आवाज शेवटी बसतो, उदाहरण उशिरा आलं, आणि असंच पुढे. पाठ संपल्यावर मी त्या सगळ्या तिला वाचून दाखवल्या. तिनं एकेक लिहून घेतली आणि दर वेळी "हो मॅडम" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा पाठ आदल्या दिवसापेक्षा जास्त फसला. पूर्ण वेळ ती फळ्याला चिकटून उभी होती. हातातल्या कागदावरून तिची नजर हलत नव्हती.

तिनं माझं मनावर घेतलं नाही, असं मला त्या वेळी वाटलं. खरं तर तिनं फारच मनावर घेतलं होतं.

नव्या शिक्षकाच्या हातून चुका होणारच. उन्हाळ्यातले हे मोजके आठवडे त्यासाठीच असतात. पण मार्गदर्शक म्हणून आपण जे चुकतो, त्याचे परिणाम त्याच्या वर्गातली मुलं पुढे वर्षभर भोगतात. म्हणून हा लेख नव्या शिक्षकांसाठी नसून त्यांच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे.

एका पाठाला चौदा सूचना

नव्या शिक्षकाच्या डोक्यात पाठ चालू असताना काय काय चाललेलं असतं, ते आठवून बघा. पुढचं वाक्य, हातातला खडू, घड्याळ, खिडकीशेजारी कुजबुजणारी दोन मुलं, आणि मागे बसून लिहिणारे आपण. अनुभवी शिक्षकाला यातलं निम्मं सवयीनं जमतं. नव्याला प्रत्येक गोष्ट मुद्दाम लक्ष देऊन करावी लागते. माणसाचं मन एका वेळी थोडकाच भार पेलू शकतं, आणि भार त्याहून वाढला की शिकणं थांबतं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये हे विद्यार्थ्यांबद्दल मांडलं होतं. प्रशिक्षणार्थीही त्या आठवड्यांत विद्यार्थीच असतो, हे मात्र आपण विसरतो.

अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, असंही नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, ‘मी कमी पडतोय’ यावर अडकलं, की असं होण्याची शक्यता वाढते. माझ्या त्या १४ सूचनांनी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून एका पाठाला एकच सूचना द्या. ती कशी निवडायची? ‘यातली कोणती एक गोष्ट बदलली तर मुलं उद्या जास्त शिकतील?’ असं स्वतःला विचारा. अक्षराचा आकार या प्रश्नात टिकत नाही. तीनच मुलं उत्तरं देतात, हे टिकतं. मग ती सूचना इतकी बारीक करा की उद्याच्या पाठात डोळ्यांना दिसेल. "सगळ्यांना सहभागी करून घे" हे कुणालाच करता येत नाही. "प्रश्न विचार, मनात तीन अंक मोज, मग नाव घे" हे करता येतं. विज्ञान शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या या शांततेचं मोजमाप मांडलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. त्या शिक्षिकेला मी एवढं एकच सांगायला हवं होतं.

उरलेल्या तेरा सूचना वहीतच राहू द्या. त्यातल्या पाच-सहा पुढच्या आठवड्यात आपोआप मिटलेल्या दिसतील.

सांगितलं, पण करून घेतलं नाही

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे.

सूक्ष्म अध्यापन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेत लिहिलेला आहे. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आकाराला आणली: मोजकी मुलं, ५ ते १० मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, आणि मग तोच पाठ पुन्हा. या ‘पुन्हा’त सगळा जीव आहे. वेळापत्रक घट्ट झालं की सगळ्यात आधी कात्री लागते ती त्यालाच. पाठ होतो, चर्चा होते, चहापाण्याची वेळ होते आणि पुढच्याचा पाठ सुरू होतो. सुधारलेला पाठ कसा असतो, हे प्रशिक्षणार्थीला स्वतःच्या अंगात कधी जाणवतच नाही.

एका नव्या शिक्षकाची गोष्ट सांगते. मुलांना कामाला लावताना तो फळ्याकडे वळता वळता बोलायचा: "चला, वह्या काढा, आणि हे तीन प्रश्न जोडीनं सोडवा, पहिला झाला की थांबा, आणि हो, पेन्सिलनंच." वाक्य संपायच्या आत चार मुलं विचारायची, "सर, काय करायचंय?" तो प्रत्येकापाशी जाऊन पुन्हा सांगायचा. तोवर बाकीचा वर्ग हातातून निसटलेला असायचा.

मुलं घरी गेल्यावर आम्ही त्याच रिकाम्या वर्गात थांबलो. मी तिसऱ्या बाकावर विद्यार्थिनी होऊन बसले. पहिल्यांदा तो हसला आणि "म्हणजे मी आधी त्यांना गप्प करेन" असं वर्णन करू लागला. मी म्हटलं, "वर्णन नको, करून दाखव." दुसऱ्या खेपेला तो पुन्हा बोलता बोलता चालायला लागला. तिसऱ्या खेपेला पाय एका जागी रोवून उभा राहिला, पण सूचना लांबल्या. चौथ्या खेपेला तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, शांतता होऊ दिली आणि म्हणाला, "जोडीनं काम. फक्त पहिला प्रश्न. पेन्सिलनं." मग मला विचारलं, "काय करायचं आहे, सांगशील?" याला एकूण बारा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला "काय करायचंय" असं विचारणारं एकच मूल होतं, आणि ते उशिरा आलेलं होतं.

अभिप्रायाच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं बोलण्यासाठी आणि वीस मिनिटं सरावासाठी ठेवा. मोठ्या माणसांना एकमेकांसमोर असा सराव करताना संकोच वाटतो, म्हणून पहिल्या दिवशी आपण स्वतः सगळ्यांसमोर करून दाखवावं, चुकावं आणि पुन्हा करावं.

नमुना पाठ दाखवला, विचार दाखवला नाही

आपण छान पाठ घेतो, प्रशिक्षणार्थी मागे बसून बघतात आणि वहीत लिहितात, ‘मॅडमचा वर्गावर ताबा चांगला आहे.’ याचा त्यांना काडीचा उपयोग नसतो.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एक प्रयोग केला. काही लोकांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. निम्मी तरी ओळखली जातील, असं वाजवणाऱ्यांना वाटलं होतं. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. नमुना पाठ बघणाऱ्याचं असंच होतं. आपण मधेच का थांबलो, तिसऱ्या बाकावरच्या मुलीला तो प्रश्न का विचारला, ठरवलेलं उदाहरण का सोडून दिलं, यातलं काही त्याला दिसत नाही.

शिवाय हे सगळे स्वतः विद्यार्थी म्हणून हजारो तास वर्गात बसलेले असतात. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की या अनुभवामुळे शिकवणं आपल्याला ठाऊकच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेलं असतं ते शिक्षकाचं बोलणं-वागणं. त्यामागचं ठरवणं त्यांना कधी दिसलेलंच नसतं.

म्हणून पाठाआधी बघायला एकच गोष्ट द्या: "आज फक्त एवढंच बघ, चुकीचं उत्तर आल्यावर मी काय करते." आणि पाठानंतर मनातलं मोठ्यानं बोला: "तिघांच्या वहीत एकच चूक दिसली, म्हणून मी पुढे न जाता मागे आले."

टाचणावर लाल पेन

टाचण म्हणजे शिक्षकानं पाठाआधी लिहिलेला पाठाचा आराखडा. त्यातली भाषा, रकाने, उद्दिष्टांची वाक्यरचना तपासण्यात तास घालवू नका. तीन प्रश्न पुरतात. तासाच्या शेवटी मुलांना काय करता येईल? ते आलं, हे तुला कशावरून कळेल? आणि मुलं कुठे चुकतील?

तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं: विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकताना मुलं कुठे अडखळतात हे ठाऊक असणं वेगळं. ०.४५ आणि ०.८ यांत मोठं कोणतं, हे विचारल्यावर बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे. हे उत्तर टाचणात आधीच लिहिलेलं असेल तर शिक्षक वर्गात गडबडत नाही. प्रत्येक टाचणात अपेक्षित चुकीची दोन उत्तरं लिहायला लावा. सुरुवातीला त्यांना ती सुचत नाहीत. तेव्हा ती आपण सांगू नका. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा हातात द्या.

चालू पाठात हस्तक्षेप

पाठ कोसळताना बघवत नाही आणि आपण उठून वर्ग हातात घेतो. मुलांच्या नजरेतून तो शिक्षक त्या क्षणी उतरतो. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा सरळ चुकीचं शिकवलं जात असेल तरच बोला, तेही आधी ठरवलेल्या खुणेनं. एरवी बसून राहा.

उन्हाळी वर्गाची खोटी सोय

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण मला याची खरी काळजी वाटते. उन्हाळी वर्गात बहुधा मुलं कमी असतात, शेजारी दुसरा प्रशिक्षणार्थी असतो, मागे मार्गदर्शक असतो, परीक्षा नसते, आणि दिवसाला एक-दोन तासच शिकवायचे असतात. यात जमलेलं सगळं नेहमीच्या भरलेल्या वर्गात जमेलच असं नाही. पंधरा मुलांच्या वह्या फिरून बघता येतात. चाळीस मुलांच्या नाही.

शेवटच्या आठवड्यात ही सोय मुद्दाम काढून घ्या. दोन गट एकत्र करून एकालाच शिकवू द्या. सलग तीन तास द्या. एखाद्या पाठाला मागे कुणीही बसू नका, नंतर फक्त मुलांच्या वह्या बघा. आणि पहिल्या दिवसाची तालीम घ्या: दारात उभं राहणं, नावं विचारणं, साहित्य वाटणं, पहिलं काम. नवे शिक्षक पहिल्या धड्याची तयारी पंधरा दिवस करतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांची अजिबात करत नाहीत.

गाडी अडली तर

प्रशिक्षणार्थी प्रत्येक सूचनेला "हो" म्हणतो, पण पाठात काही बदलत नाही. त्याचा अर्थ बहुधा असा की सूचना त्याला कळलेली नाही आणि विचारायची भीती वाटते. "समजलं का?" हे विचारणं बंद करा. "उद्या हे कसं करशील, उभा राहून दाखव" म्हणा.

पाठानंतर कुणी रडवेलं झालं असेल तर त्या वेळी अभिप्राय देऊ नका. मुलांच्या वह्या एकत्र बसून चाळा आणि ज्या मुलाला आज काहीतरी नवं जमलं, ती वही शोधा. बहुतेक वेळा एखादी तरी सापडते. बाकीचं बोलणं सकाळी.

याउलट, पाठ फसला तरी "मस्त झाला" म्हणणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. तासाच्या शेवटी मुलांकडून एका प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर घ्यायला लावा आणि चिठ्ठ्यांचे बरोबर, अर्धवट, चूक असे तीन ढीग त्यालाच करू द्या. चुकीचा ढीग हातात आला की बोलणं सोपं होतं.

वर्गात गोंधळ होत असेल तर शिस्तीवर व्याख्यान देण्याआधी गोंधळ नेमका कोणत्या मिनिटाला सुरू होतो, ते टिपा. माझ्या नोंदींत तो बहुतेकदा काम बदलताना सुरू झालेला दिसतो: कागद वाटताना, गट करताना, फळा पुसताना. कधी काम फार अवघड असतं, कधी लवकर संपलेलं असतं. कारण सापडलं की उपाय छोटा असतो.

दोन मार्गदर्शक उलटसुलट सूचना देत असतील तर त्रास प्रशिक्षणार्थीला होतो. प्रत्येकाची एकच सामाईक वही ठेवा. आधीची सूचना वाचल्याशिवाय नवी लिहायची नाही.

शेवटच्या दिवशी निरोप

निरोप समारंभ झाला की आपलं काम संपलं, असं धरू नका. नव्या शिक्षकांना घडवण्याचं काम करणाऱ्या एलेन मोअर यांनी त्यांच्या पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले आहेत: उत्सुकता, कसंबसं तग धरणं, मग भ्रमनिरास, त्यानंतर सावरणं आणि शेवटी मागे वळून बघणं. शाळा सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाले की तो भ्रमनिरासाचा काळ येतो. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा आपण त्यांच्या आयुष्यात नसतो.

मी आता शेवटच्या दिवशीच प्रत्येकाबरोबर सातव्या आठवड्यातल्या फोनची तारीख आणि वेळ ठरवते आणि दोघांच्या वहीत लिहिते. फोनवर ‘कसं चाललंय’ विचारलं की "ठीक" एवढंच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, "या आठवड्यात कोणत्या मुलाला काय नवं जमलं?" पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मी मनात तीन अंक मोजते, आणि मग ते सांगायला लागतात.