पडलेल्या जुन्या ओंडक्याच्या फळ्या कशा काढाव्यात

वर्षानुवर्षं पडून राहिलेला ओंडका सालीकडून कुजलेला दिसला म्हणून सरपणात घालू नका. कठीण लाकडाच्या झाडात सालीलगतचा फिकट थर आधी किडतो, आतला गडद गाभा बराच काळ टिकतो. हातोडीने जागोजागी ठोकून बघा. टणक आवाज आला तर लाकूड चांगलं. भदभद आवाज येतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर तेवढा भाग सोडून द्यायचा.

ओंडका कोणाच्या मालकीचा आहे आणि परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या.

मग साल काढा. सालीत अडकलेली माती करवतीची धार मिनिटभरात घालवते. कुंपणालगतच्या झाडात जुने खिळे, तारा हमखास सापडतात. कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला, तर तिथे थांबा: लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांचा तो डाग असतो, म्हणजे आसपास लोखंड असू शकतं. मेटल डिटेक्टर फिरवून घेतलेला बरा.

वजनाचा अंदाज आधीच करा. तीन मीटर लांब, अर्धा मीटर जाडीचा ओलसर ओंडका सहज पाचशे-सहाशे किलो भरतो. तो दोन आडव्या तुळयांवर चढवा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी ठोका. गडगडायला लागलेला ओंडका हाताने थांबवायला कधीच जाऊ नका.

घरच्या घरी कापायचं तर चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, जोडायची मिलची (फळ्या कापायची) चौकट मिळते. उभ्या कापणीची, म्हणजे ओंडक्याच्या लांबीने कापायची, चेन वेगळी असते, तिच्या दातांना साधारण १० अंशांची धार लावतात. नेहमीच्या चेनने काम रडतखडत होतं. पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर एक सरळ, जाड फळी स्क्रूने बसवा आणि चौकट तिच्यावरून सरकवा. स्क्रू इतके आखूड घ्या की कापाच्या रेषेपर्यंत पोचणार नाहीत. यापुढचे सगळे काप या पहिल्या कापाच्या आधाराने होतात, त्यामुळे इथे घाई नको. काप मिटून करवत अडकायला लागली की मागून पाचर घाला. चष्मा, कानाचं संरक्षण, मास्क आणि जाड बूट लागतातच.

२५ मिलिमीटरची फळी हवी असेल तर ३० ते ३२ मिलिमीटर कापा, कारण लाकूड आकसतं आणि रंध्यातही जातं. ओंडक्याच्या अगदी मधोमध असणारी पोकळसर रेघ ज्या फळीत येते ती बहुधा तडकते. ती रेघ कापून फळीचे दोन अरुंद तुकडे करा.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. चांगल्या कापलेल्या फळ्या मी सर्वांत जास्त इथेच वाया गेलेल्या पाहिल्या आहेत. कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, कारण टोकं भराभर वाळतात आणि चिरतात. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट पाया करा. प्रत्येक दोन थरांमध्ये २० ते २५ मिलिमीटरच्या कोरड्या पट्ट्या अर्ध्या मीटरवर, वरखाली एका रेषेत ठेवा; रेषा चुकली की फळी तिथेच वाकते. वर जड वजन, डोक्यावर छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या, ऊन मात्र थेट नको.

दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा ठोकताळा. खात्री करायची तर एका फळीचं दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की फळ्या घरात आणून आणखी तीन-चार आठवडे तशाच पट्ट्यांवर ठेवा आणि मगच रंधा लावा.