जँगोच्या सर्च फॉर्ममध्ये ‘वऱ्हाड’ शोधलं की शून्य निकाल: माझा अनुभव

जँगो म्हणजे पायथन भाषेतलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. लक्षण असं: माझ्या साइटवरच्या यादीत ‘वऱ्हाड’ डोळ्यांसमोर दिसतंय, पण सर्च फॉर्ममध्ये तोच शब्द टाइप केला की काहीच सापडत नाही. ‘पुणे’, ‘नाशिक’ मात्र लगेच सापडतात.

आधी फिल्टरमध्ये एक्झॅक्टऐवजी (तंतोतंत जुळणी) आयकंटेन्स (मजकुरात कुठेही जुळणी) करून पाहिलं, मग डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) बदललं. दोन संध्याकाळी वाया गेल्या, खूप वैताग आला.

शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरं सुटी करून त्यांचे युनिकोड क्रमांक छापले. साठवलेल्या शब्दात र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह, २००डी) होते. टाइप केलेल्यात थेट ऱ (०९३१) आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात!

उपाय, याच क्रमाने:

१. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने मजकूर एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं प्रमाण रूप) करा. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून लिहिलेला र इथे ऱ होतो. झेडडब्ल्यूजेवाला मात्र तसाच राहतो.
२. ०९३०, ०९४डी, २००डी ही तिकडी शोधून तिथे ०९३१, ०९४डी घाला.
३. त्यानंतरच उरलेले २००डी आणि २००सी (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) काढा. हे आधी केलंत तर ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं.
४. हे सगळं एका फंक्शनमध्ये ठेवून मॉडेलच्या सेव्हमध्ये आणि फॉर्मच्या क्लीनमध्ये (भरलेला मजकूर तपासण्याची पायरी), दोन्हीकडे वापरा.
५. जुन्या नोंदी एकेक करून पुन्हा सेव्ह करा. क्वेरीसेटचं अपडेट (अनेक नोंदी एकदम बदलणारं) वापरू नका, ते सेव्हला हातच लावत नाही.

आता वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, सगळे सापडतात.