घरी इंजेक्शन देताना सुई टोचू नये म्हणून

घरातील रुग्णाला इन्सुलिन देणाऱ्या माणसाला सुई टोचण्याची भीती इंजेक्शन देतानाच वाटते. इजा मात्र पुष्कळदा त्यानंतर होते. टोपण परत बसवताना ती होते, सुई कोनाड्यात ठेवून दुसऱ्या कामाला लागल्यावर होते, नाहीतर दुसऱ्या दिवशी केर काढणाऱ्या सुनेच्या हाताला होते. म्हणून सुई उघडण्याआधीच ती टाकायची जागा हाताशी असावी.

त्यासाठी फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या द्रव साबणाची जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली घ्यावी. पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार जाते आणि काचेची बरणी फुटते. बाटलीवर ‘वापरलेल्या सुया, हात लावू नये’ असे ठळक लिहून, वाचता न येणाऱ्यांसाठी लाल पट्टी चिकटवावी व ती लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. लाईट गेली असेल तर मोबाईलची बॅटरी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावी. ती दातांत धरून सुई टोचण्याचा खटाटोप करू नये.

इंजेक्शन झाले की टोपण बसवू नये, सुई वाकवू किंवा तोडू नये. सिरिंज सुईसकट, सुईचे टोक खाली करून, थेट बाटलीत सोडावी. टोपण लावणे भागच पडले तर ते टेबलावर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी, दुसरा हात पाठीमागे ठेवावा. इन्सुलिन पेनची सुई मात्र दर वेळी काढावी लागते, तेव्हा तिच्यावर बाहेरचे मोठे टोपण बसवूनच ती फिरवून सोडवावी. साखर तपासताना बोट टोचायची बारीक सुई, म्हणजे लॅन्सेटही याच बाटलीत जावी. ती आणि ती बसवायचे पेन दोघांत वापरू नये. घरी येऊन सलाईन लावणारा कंपाउंडर सुई कापसात गुंडाळून उशाशी ठेवत असेल, तर त्याच्यासमोरच बाटली पुढे करावी. यात संकोच कसला?

बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टीने बंद करावी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातील वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ही बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये. आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरांना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात ती स्वीकारतात का, याची आधी खात्री करावी. चुलीत सुई जळत नाही, आणि उकिरड्यावर टाकलेली सुई पुढे शेणखतातून शेतात जाऊन अनवाणी खुरपणाऱ्या बाईच्या पायात निघते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने औषधांबरोबर बाटलीही सोबत न्यावी. कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, जागा अपुरी आणि अंथरूण जमिनीवरच असते.

तरीही टोचलीच, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. नळाला पाणी नसेल तर कोणाला तरी तांब्याने वरून सतत पाणी ओतायला सांगावे. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर हळद, चुना किंवा ब्लीचिंग लावू नये. मग लगेच दवाखाना गाठावा. रक्त संसर्गित असेल तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) होण्याचा धोका ६ ते ३० टक्के, हिपॅटायटिस सीचा सुमारे ०.२ ते १.८ टक्के आणि एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो, त्यामुळे सुईवरील रक्त वाळले म्हणून निर्धास्त राहू नये. एचआयव्हीच्या प्रतिबंधाचे औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते. जिल्हा रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात याची चौकशी करावी. १०९७ या मोफत क्रमांकावरही एचआयव्हीविषयी माहिती मिळते. सुई कोणाला वापरली होती आणि किती वाजता टोचली, हे डॉक्टरांना सांगावे.

रोज इंजेक्शन देणाऱ्याने हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आधीच घेऊन ठेवावेत: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी.