साहित्यिक एजंटला पहिले पत्र लिहिताना

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा मध्यस्थ, असण्याची प्रथा जवळजवळ नाहीच. मुंबईतला लेखक गिरगावातल्या किंवा दादरच्या प्रकाशकाकडे हस्तलिखित स्वतः नेऊन देतो, आणि ओळख असेल तर चहाही पिऊन येतो. मात्र आपल्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर बहुतेक वेळा एजंट गाठावा लागतो, आणि तो आपल्याला ओळखतो ते केवळ एका पानाच्या पत्रावरून.

वाचणाऱ्याने संपूर्ण हस्तलिखित मागवावे, एवढेच या पत्राचे काम आहे. म्हणून ते तीनशे-साडेतीनशे शब्दांत संपवावे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग कथानकाला द्यावा. नेमके इथेच आपले लेखक प्रस्तावनेच्या भाषेत शिरतात. ‘ही कादंबरी श्रमिकांच्या जगण्याचा आणि मानवी नातेसंबंधांचा वेध घेते’ हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना लागू पडेल. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘१९८२च्या गिरणी संपात लालबागच्या चाळीत खाणावळ चालवणाऱ्या सुमनकडे जेवणारे कामगार पैसे देऊ शकत नाहीत, वाण्याची उधारी भागवण्यासाठी तिने मंगळसूत्र गहाण ठेवले आहे, आणि आता खोलीची पागडी घेऊन गावी परतायचे की संप मिटेपर्यंत चूल पेटती ठेवायची, हे तिला ठरवायचे आहे.’ यात माणूस आहे, अडचण आहे आणि निर्णय चुकला तर काय गमवावे लागेल तेही आहे. शेवट मात्र पत्रात सांगू नये. परदेशी वाचकाला हा संप ठाऊक नसतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते, एवढे अर्ध्या वाक्यात सांगितले की पुरे.

त्यानंतर कादंबरीचा प्रकार आणि इंग्रजी मजकुराची शब्दसंख्या द्यावी, पानांची नको. आपले पुस्तक ज्या वाचकाला आवडेल त्याने वाचलेल्या, गेल्या चार-पाच वर्षांतल्या एक-दोन पुस्तकांचा उल्लेख करावा. तिथे जागतिक अभिजात कृतींची नावे घेणे हास्यास्पद दिसते. स्वतःविषयी दोन-तीन वाक्ये लिहावीत. गिरणगावात बालपण गेले असेल तर ते या कादंबरीच्या संदर्भात महत्त्वाचे आहे. कोणत्या संमेलनात कोणाच्या हस्ते सत्कार झाला, हे नाही.

अनुवादाच्या बाबतीत हक्कांचा प्रश्न आधी मिटवावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवादाचा हक्क हा मूळ हक्काचाच भाग आहे, आणि जुन्या करारात तो मराठी प्रकाशकाला देऊन टाकलेला असू शकतो. करार शोधून वाचावा, गरज असल्यास लेखी संमती घ्यावी आणि अनुवादकाचे नाव व हक्क कोणाकडे आहेत हे पत्रात एका ओळीत स्पष्ट करावे.

कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय पत्र धाडू नये. ललितेतर पुस्तकासाठी मात्र सविस्तर प्रस्ताव आणि नमुना प्रकरणे बहुधा चालतात. प्रत्येक एजंटच्या संकेतस्थळावर त्याच्या अटी दिलेल्या असतात. अनेक जण जोडलेली फाइल उघडत नाहीत, त्यामुळे सांगितले असेल तितकीच पाने ईमेलच्या मजकुरातच चिकटवावी लागतात. एकाच वेळी अनेकांना लिहिण्यास सहसा हरकत नसते, पण प्रत्येकाला स्वतंत्र, नावानिशी पत्र जावे आणि एकाने आपला एजंट होण्याची तयारी दाखवली की उरलेल्यांना तत्काळ कळवावे.

एजंटचा मोबदला पुस्तकाच्या कमाईतून वळता होतो: त्याच्या देशातल्या विक्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के. हस्तलिखित वाचण्यासाठी जो आगाऊ शुल्क मागतो, त्याला पुढचे पत्र लिहू नये.